बातमी पेपरात, परिणाम हिशोबाच्या वहीत

मैत्रिणींनो, दिवाळीची साफसफाई म्हणजे काय प्रकरण असतं ते मी तुम्हांला सांगायला नको. जळमटं काढायची, डबे घासायचे, माळा उतरवायचा, आणि सगळ्यात शेवटी पलंगाखालची लोखंडी ट्रंक बाहेर ओढायची. उल्हासनगर कॅम्प नं. ३ मधल्या आमच्या घरात ही ट्रंक सासूबाईंबरोबर १९७८ साली आली. तेव्हापासून तिचा तळ कुणी पाहिलेला नाही. कारण सासूबाईंची पद्धत अशी, की तळाचा जुना कागद काढायचा नाही, त्याच्यावरच नवा पेपर अंथरायचा. "जुना काढला की झुरळांना वाट मिळते," असं त्यांचं म्हणणं.

गेल्या दिवाळीआधी मात्र मी हट्टाला पेटले. अर्धवेळ शिकवायचं काम आटोपून शाळेतून आले, ओढणी खोचली आणि ट्रंकेतले सगळे कागद थराथराने उचलले. वर २०१६ चा, त्याखाली २००६ चे, मग १९९५, १९९४, आणि अगदी तळाशी हात लावला तर पापडासारखा मोडेल असा १९७९ चा पेपर. मग काय, फरशीवर बसकण मारली आणि वाचायला लागले. रद्दीतल्या पेपराला जी गोडी असते ती ताज्या पेपराला नसते, हा अनुभव तुमचाही असेल. शेंगदाण्याची पुडीसुद्धा आपण वाचल्याशिवाय टाकत नाही!

मला वाटलं सासूबाई आता रागावणार. पण त्यांनी ट्रंकेतूनच सुतळीने बांधलेला वह्यांचा गठ्ठा काढला. घरखर्चाच्या वह्या. रात्री जेवणं आटोपली की दिवसाचा खर्च लिहायचा, हा त्यांचा लग्नापासूनचा नेम. मग त्यांनी चष्मा लावला, माझ्या हातातल्या पेपरची तारीख बघितली आणि त्याच तारखेचं वहीचं पान उघडलं.

"बातमी तू वाच. तिचं पुढे काय झालं ते मी वाचते."

मी इतिहास घेऊन बी.ए. झाले, पण असा इतिहास मला कुणी शिकवला नव्हता.

पहिली वही १९७९ ची. २२ मार्चच्या पानावर एवढंच: 'दुकान बंद. साखर उसनी.' त्या दिवशी पंतप्रधान मोरारजी देसाईंनी लोकसभेत सांगितलं, की जयप्रकाश नारायण गेले. सभागृहाने श्रद्धांजली वाहिली, कामकाज थांबलं, आकाशवाणीवरून बातमी गेली. आणि जयप्रकाशजी? ते इकडे मुंबईत जसलोक रुग्णालयात हयात होते! त्यानंतर ते आणखी साडेसहा महिने होते, ८ ऑक्टोबरला गेले. आमच्या गल्लीतल्या वाण्याने रेडिओ ऐकून जे शटर ओढलं ते दुसऱ्या दिवशीच उघडलं. घरात पाहुणे आणि साखरेचा डबा रिकामा. शेजारच्या सिंधी भाभींनी वाटीभर साखर दिली म्हणून चहा झाला. "वाटी परत द्यायला गेले," सासूबाई म्हणाल्या, "तर म्हणाली, जो गेलाच नाही त्याच्या नावाची साखर मी परत कशी घेऊ?"

अशी घाई फक्त आपल्याकडेच होते असं समजू नका. १९४८ च्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या अध्यक्षपदाची निवडणूक झाली. छापखान्यातल्या संपामुळे शिकागोच्या एका मोठ्या दैनिकाला अंक लवकर छापायला घ्यावा लागला. निकाल पुरते आलेले नसतानाच त्यांनी मथळा ठोकून दिला, की ड्यूईने ट्रूमनना हरवलं. निवडून आले ट्रूमन! तोच पेपर दोन्ही हातांनी उंच धरून हसणाऱ्या ट्रूमनचा फोटो अजून लोक बघतात. घाईने कुकरचं झाकण उघडणाऱ्या सुनेची जी गत होते, तीच झाली म्हणायची.

आता स्कायलॅब. आमच्या सासूबाईंच्या संसारातली ही पहिली मोठी बातमी. अमेरिकेने १९७३ साली आकाशात सोडलेली ही प्रयोगशाळा, वजन सुमारे ७७ टन. ती खाली येणार, पण कुठे, हे कुणालाच नेमकं सांगता येईना. रोज पेपरात तेच. नळावर तेच, लोकलमध्ये तेच. सासूबाई नव्या नवरी, वय वीस. ११ जुलैचं पान त्यांनी वाचून दाखवलं: 'कोंबडी १. जिलबी अर्धा किलो. नारळ २. आंतरदेशीय पत्रं ६.'

"पत्रं कशाला?"

"माहेरी. शेवटचा नमस्कार कळवायला."

चातुर्मास नुकताच लागला होता. पण सासरे म्हणाले, डोक्यावर पडणारच असेल तर पिठल्यावर कशाला मरायचं? त्या रात्री सगळी गल्ली पोटभर जेवली आणि आकाशाकडे बघत अंगणात बसली. आपल्या घड्याळात रात्रीचे दहा वाजून गेल्यावर स्कायलॅब हिंदी महासागरावर आणि ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागावर तुकड्या-तुकड्यांनी पडली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. एका अमेरिकन पेपरने पहिला तुकडा आणून देणाऱ्याला दहा हजार डॉलर जाहीर केले होते, ते ऑस्ट्रेलियातल्या एका सतरा वर्षांच्या पोराने मिळवले. तिथल्या एस्परन्स गावच्या लोकांनी तर कचरा टाकल्याबद्दल अमेरिकेला चारशे डॉलर दंड ठोकला!

आमच्या वहीत मात्र १२ जुलैपासून महिनाअखेरपर्यंत भाजीच्या रकान्यात नुसते बटाटे आहेत. "स्कायलॅब पडली ऑस्ट्रेलियात," सासूबाई म्हणाल्या, "आणि खड्डा पडला माझ्या हिशोबात."

मैत्रिणींनो, हसू आलं खरं, पण मला तिथेच एक गोष्ट लख्ख कळली. बातमी खरी असो की खोटी, तिचा खर्च खराच असतो. आणि तो लिहिते घरातली बाई.

पुढची वही १९९४. त्या सप्टेंबरात सुरतेत प्लेगची साथ आल्याच्या बातम्या आल्या आणि मुंबईपर्यंत एकच घबराट झाली. तोंडाला रुमाल बांधून माणसं लोकलने जाऊ लागली. टेट्रासायक्लिनच्या गोळ्या दुकानांतून दिसेनाशा झाल्या. सासूबाईंच्या वहीत: 'रुमाल १२. कापूर. फिनाईल. कॅप्सूल २ पाकिटं.' आमचे 'हे' तेव्हा नऊ वर्षांचे. त्यांना त्यातली कॅप्सूल द्यायचीच, असं ठरलं होतं. नशीब, की आधी डॉक्टरांना विचारलं. ते केवढ्याने ओरडले! दुखणं नसताना औषध कशाला, आणि हे औषध लहान मुलांना दिलं तर दात कायमचे पिवळे पडतात, ठाऊक आहे का? ती दोन पाकिटं मग देव्हाऱ्याच्या खणात मुदत संपेपर्यंत पडून होती. आज यांचे दात पांढरे आहेत, त्याचं श्रेय कुठल्याही टूथपेस्टला नाही.

१९९५ तर मलाही आठवतं. मी सहा वर्षांची, माहेरी नाशिकला. २१ सप्टेंबर, गुरुवार, ऐन पितृपक्ष. सकाळी बातमी आली, की गणपती दूध पितो. पेपर छापला जाण्याआधीच फोनाफोनीने ती देशभर, देशाबाहेर पोचली. मीही वाटी-चमचा घेऊन रांगेत उभी होते. माझ्या चमच्यातलंही दूध गेलं! मी दिवसभर हवेत. नंतर वैज्ञानिकांनी दुधात रंग मिसळून दाखवलं, की दूध पोटात जात नाही. पृष्ठताणामुळे ते चमच्यातून ओढलं जातं आणि मूर्तीवरून पातळ थराने खाली ओघळतं. घरी करून बघा, कुठल्याही दगडी मूर्तीशी काठोकाठ भरलेला चमचा टेकवला की होतं. त्या दिवशीची इथली नोंद: 'दूध २ लिटर जादा. घरी चहा काळा.'

आणि महिन्याने काय, तर २३ ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन आणि २४ ला सकाळी सूर्यग्रहण! राजस्थानातल्या नीम का थानापासून बंगालमधल्या डायमंड हार्बरपर्यंत खग्रास, आपल्याकडे खंडग्रास. आता फराळाचं काय करायचं? बायकांपुढे यक्षप्रश्न. चकल्या, करंज्या, लाडू, शेव, सगळे डबे भरलेले. टाकायचं कसं? सासूबाईंनी कुंडीतल्या तुळशीची पानं तोडून प्रत्येक डब्यात एकेक घातलं. "तुळस उघडी पडली, पण फराळ वाचला," हे त्यांनी अशा काही अभिमानाने सांगितलं, की मी 'बेसनाला ग्रहण कसं लागेल?' हा प्रश्न गिळला.

२००६ सालची गंमत वेगळी. फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला कोंबड्यांना बर्ड फ्लू झाला, देशातला पहिला. झालं! ज्या घराने स्कायलॅबच्या भीतीने कोंबडी खाल्ली, त्याच घराने आता भीतीने कोंबडी सोडली. भाव कोसळले, तरी कुणी घेईना. वहीत दोन महिने 'अंडी' हा शब्द नाही. नीट शिजवलेल्या कोंबडीने काही होत नाही, हे सांगणारी बातमीही छापून आली होती, पण ती आतल्या पानावर, लहान अक्षरांत. मथळ्याला पाय असतात, खुलाशाला नसतात.

त्याच वर्षी ऑगस्टच्या १८ तारखेला माहीमच्या समुद्राचं पाणी गोड झालं म्हणून मुंबईत झुंबड उडाली. लोकांनी ते घाण पाणी बाटल्या भरभरून प्यायलं. महापालिका सांगत होती, पिऊ नका. पावसाळ्यात नदीचं गोडं पाणी खाडीत उतरतं, खारटपणा कमी होतो, एवढीच त्यातली करामत. यांच्या मामांनी मोठ्या भक्तिभावाने एक बाटली इथपर्यंत आणली. पिण्याची कुणाची छाती होईना. मामा म्हणाले, निदान तुळशीला तरी घाला. सासूबाई म्हणाल्या, "तुळशीने काय पाप केलंय?"

आता जरा आमच्या गावाबद्दल. उल्हासनगरचं नाव पेपरात आलं की नातेवाइकांचे फोन सुरू होतात. 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद तर सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे. मग ८५५ बेकायदा इमारतींचं प्रकरण उच्च न्यायालयात गाजलं, आणि २००६ साली राज्य सरकारला खास या शहरासाठी कायदा करावा लागला. २०१२ साली माझं स्थळ इथे ठरत होतं तेव्हा माझ्या वडिलांनी या सगळ्या बातम्यांची कात्रणं जणू डोक्यात ठेवली होती. बघायच्या कार्यक्रमाला ते मध्यस्थांना हळूच म्हणाले, "घर अधिकृत आहे ना? आणि मुलगा... ओरिजिनल आहे ना?" हे सासूबाईंनी ऐकलं. अजून दर वर्षी आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला त्या विचारतात, "काय गं, ओरिजिनल निघाला का?"

पण मीही काही शहाणी नाही. ८ नोव्हेंबर २०१६ ला रात्री आठ वाजता पाचशे-हजाराच्या नोटा बंद झाल्या, हे तुम्ही विसरला नसाल. त्यानंतर तिसऱ्याच दिवशी, शुक्रवारी संध्याकाळी, मोबाईलवर आलं, की मीठ संपलं! ज्या देशाला एवढा लांब समुद्रकिनारा, जिथे एकट्या गुजरातेत मिठाचे डोंगर उभे असतात, तिथलं मीठ एका संध्याकाळीत कसं संपेल? हा विचार माझ्या मनात आला, पण रांगेत उभी राहिल्यावर. घरात सुट्ट्या शंभराच्या तीनच नोटा होत्या. वीस रुपयांची पिशवी ऐंशीला, अशा तीन पिशव्या घेतल्या. घरी येते तो टीव्हीवर सरकारचा खुलासा, मीठ मुबलक आहे. पुढचे चार दिवस घरात भाजीला पैसे नव्हते, मीठ मात्र भरपूर! ते पान सासूबाईंनी मला वाचून दाखवलं नाही. नुसतं बोट ठेवलं.

इथपर्यंत आम्ही दोघी हसत होतो. तेवढ्यात शेजारच्या भाभी पापड द्यायला आल्या आणि त्यांच्या सासूबाईंची, अम्मांची आठवण निघाली. अम्मा आता नाहीत. त्या मूळच्या सिंधमधल्या शिकारपूरच्या. १९४७ साली दहा वर्षांच्या होत्या. त्यांचे वडील रोज ओट्यावर बसून पेपर वाचायचे आणि म्हणायचे, राज्यं बदलतात, माणसं कुठे जातात? फाळणीच्या बातमीलाही ते हसले होते. ६ जानेवारी १९४८ ला कराचीत दंगल झाली आणि काही दिवसांतच त्यांना नेसत्या वस्त्रांनिशी निघावं लागलं. गच्चीवर पापड वाळत घातले होते, ते तसेच राहिले. बोटीने मुंबई, तिथून कल्याणजवळच्या रिकाम्या लष्करी छावणीतल्या बराकी. एका बराकीत कितीतरी कुटुंबं, मध्ये साड्यांचे आणि गोणपाटांचे पडदे. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते त्या छावणीचं उल्हासनगर झालं. अम्मा म्हणायच्या, "घाबरून धावलं तर पैसे जातात. हसून सोडलं तर घर जातं."

२६ जुलै २००५ ला वालधुनीचं पाणी चढायला लागलं, तेव्हा पुरुष मंडळी म्हणत होती, दर वर्षीच येतं. अम्मांनी मात्र सगळ्यांच्या पिठाचे डबे माळ्यावर चढवायला लावले. त्या रात्री गल्लीत ज्या पोळ्या झाल्या, त्या त्याच पिठाच्या.

वहीतलं शेवटचं पान मीच उघडायला लावलं. जुलै २०१८. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, असा निरोप तेव्हा मोबाईलवर गावोगाव फिरत होता. माझी मुलगी चार वर्षांची. मी घाबरले आणि तो निरोप पालकांच्या ग्रुपवर पाठवून दिला. बाईंनी पाठवला, म्हणजे तो आणखीच खरा झाला! १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षा मागत फिरणाऱ्या पाच निरपराध माणसांना जमावाने ठार मारलं, ते अशाच अफवेवरून.

त्या बातमीनंतर दोनच दिवसांनी आमच्या गल्लीत बोहारीण आली. गेली वीस वर्षं येणारी. ऊन म्हणून तोंडाला पदर बांधलेला, डोक्यावर भांड्यांची पाटी. कुणाच्या तरी पोराच्या हातात तिने बिस्किट ठेवलं. आठ-दहा जण तिच्याभोवती जमले, आवाज चढले. माझे पाय दारातच गोठले. सासूबाई पुढे झाल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "अगं ये बाई, किती दिवस वाट बघायची? माझं पातेलं आणलंस का?" हाताला धरून त्यांनी तिला आमच्या उंबऱ्यावर बसवलं. अम्मा काठी टेकत आल्या आणि तिच्या शेजारी बसल्या. दोन म्हाताऱ्या आणि मध्ये ती. गर्दी हळूहळू पांगली. जाताना एक मुलगा मला मोबाईल दाखवून म्हणाला, "पण बाई, हे बघा ना, आलंय." तो मीच पाठवलेला निरोप होता. हातोहात फिरून परत माझ्या दारात आला होता.

त्या दिवशीची नोंद: 'जुन्या साड्या ३, पातेलं १. चहा ४ कप.' बाकीचं लिहायला वहीत रकाना नाही. मी त्या रात्री ग्रुपवर लिहिलं, की मी पाठवलेलं खोटं होतं, माझी चूक झाली. ते कुणी पुढे पाठवलं नाही. बोहारीण त्यानंतर आली ती थेट दिवाळीला, आणि बरोबर नवऱ्याला घेऊन.

म्हणून मैत्रिणींनो, तांदूळ निवडतो तशी बातमी निवडायला मी आता शिकले आहे. तारीख कोणती, गाव कोणतं, सांगणाऱ्याने स्वतः पाहिलं की ऐकलं, हे आधी बघायचं. गावाचं नावच नसलेली बातमी खड्यासारखी बाजूला काढायची. औषधाची असेल तर डॉक्टरांना विचारायचं. पुराची असेल तर हसायचं नाही, आधी डबे वर चढवायचे आणि मग चौकशी करायची. बाकी सगळ्या बातम्या एक रात्र मुरू द्यायच्या. आणि आपल्या हातून चुकीचं पुढे गेलंच, तर ज्यांना पाठवलं त्यांनाच 'चुकलं' म्हणून कळवायचं. लाज वाटते, पण वाटू द्यावी.

ट्रंकेचा तळ त्या दिवशी शेवटी मी पुसून काढला. झुरळ एकही नव्हतं. सासूबाईंनी सगळे जुने पेपर होते त्याच क्रमाने परत अंथरले, वर ताजा ठेवला आणि एक नवी वही माझ्या हातात दिली. तीत मी एक वेगळा रकाना आखला आहे: 'बातमीखर्च'. या महिन्यात तिथे शून्य आहे.

नाही, तुमच्याशी खोटं कशाला बोलू? पाच किलो कांदे आहेत. भाव वाढणार, असं वाचलं होतं.